टास्क स्पूलर: दूरच्या मशीनवर कामांची रांग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कसला ते आधी. डेबियन १२ ची चार मशीन, प्रत्येकी ८ कोर, सगळी दुसऱ्या गावात, हाताशी फक्त एसएसएच, म्हणजे नेटवरून दूरच्या मशीनला आज्ञा देण्याची सोय. काम एकच: स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांची पानं टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून मजकूर तयार करणं. पुस्तकं रात्री रांगेत टाकायची, लॅपटॉप बंद करायचा, सकाळी निकाल बघायचा. यासाठी टास्क स्पूलर, म्हणजे आज्ञा रांगेत लावून पाळीपाळीने चालवणारं छोटं साधन, आठ महिने रोज चाललं. ते चांगलं आहे आणि यापुढेही तेच वापरायचं आहे. पण त्याची एक मूळ गोष्ट कळली नाही, तर ते वारंवार दगा देतं.

ती गोष्ट अशी. रांगेत थांबलेला प्रत्येक जॉब (टाकलेलं काम) ही त्या मशीनवर जिवंत बसलेली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) असते. कुठल्या फाइलीत आज्ञा लिहून ठेवली आणि पाळी आल्यावर उचलली, असं इथे होत नाही. टाकलेली आज्ञा पार्श्वभूमीत जाऊन बसते, सर्व्हरकडून (रांग सांभाळणाऱ्या टास्क स्पूलरच्याच प्रोसेसकडून) "तुझी पाळी" असा निरोप आला की स्वतःच काम सुरू करते. खाली लिहिलेले जवळपास सगळे गुणदोष यातूनच निघतात.

बसवणं अगदी सोपं. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने टास्क-स्पूलर हे पॅकेज टाकायचं. डेबियन आणि उबंटूवर आज्ञेचं नाव टीएसपी, कारण टीएस हे नाव मोअरयूटिल्स या पॅकेजमधल्या दुसऱ्या आज्ञेने आधीच घेतलंय. बाकी बऱ्याच ठिकाणी टीएस हेच नाव सापडेल. सेवा चालू करायची नाही, कॉन्फिग फाइल नाही, आणि एकदा पॅकेज बसलं की रूटही लागत नाही. पहिली टीएसपी आज्ञा दिली की सर्व्हर आपोआप उभा राहतो आणि टीएमपी फोल्डरमध्ये तुमच्या यूजर क्रमांकाचं सॉकेट (प्रोसेसनी आपसात बोलण्याची फाइल) तयार होतं. टीएसपीपुढे हवी ती आज्ञा लिहायची, जॉबचा क्रमांक छापून येतो, प्रॉम्प्ट लगेच परत मिळतो. नुसतं टीएसपी म्हटलं की यादी दिसते. सुरुवातीला एका वेळी एकच जॉब चालतो. मोठ्या एसचा पर्याय देऊन, म्हणजे 'टीएसपी -एस ८' असं म्हणून, स्लॉट (एका वेळी चालणाऱ्या जॉबच्या जागा) वाढवता येतात, तेही रांग चालू असताना.

लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणाऱ्या नोहप या आज्ञेच्या तुलनेत पहिला फायदा इथेच कळतो. एसएसएचवरून नोहप आणि अँपरसँड लावून काम सोडलं आणि तिन्ही प्रवाह, म्हणजे इनपुट, आउटपुट आणि एरर, वळवले नाहीत, तर एसएसएच लटकून राहतं, कारण मागे राहिलेल्या प्रोसेसने ते धरून ठेवलेले असतात. टीएसपी पार्श्वभूमीत जाताना ते स्वतः बंद करतं, म्हणून एसएसएच क्रमांक छापून सरळ परत येतं.

जॉब जिवंत प्रोसेस असल्यामुळे तो टाकतानाचा फोल्डर आणि टाकतानाची एन्व्हायर्नमेंट (शेलमध्ये लावलेली चलं) तशीच धरून बसतो. टेसरॅक्टसाठी हे फार मोलाचं. टेसरॅक्ट एका पानासाठीसुद्धा ओपनएमपीचे (काम अनेक कोअरवर वाटणाऱ्या लायब्ररीचे) अनेक धागे उघडतं, त्यामुळे ८ स्लॉट लावले की ८ कोअरवर धाग्यांची झोंबाझोंबी होते आणि एकूण वेग घटतो. उपाय म्हणजे 'ओएमपी_थ्रेड_लिमिट=१'. पण हे टाकतानाच लावायला हवं. जॉब रांगेत गेल्यावर शेलमध्ये ते बदललं, तर थांबलेल्या जॉबना त्याचा पत्ताच नसतो. ते काढून पुन्हा टाकावे लागतात.

आता अवतरणचिन्हं. सर्वाधिक वेळ इथेच जातो. टीएसपी आज्ञा थेट चालवतं, मध्ये शेल नसतं, म्हणून पाइप, वळवणं किंवा दोन आज्ञा जोडणं हवं असेल तर 'एसएच -सी' लागतंच. आणि एसएसएच आपल्याला दिलेले सगळे शब्द रिकाम्या जागांनी जोडून पलीकडच्या शेलकडे एकच ओळ म्हणून पाठवतं. समजा, आमच्या गोदा या मशीनसाठी लिहिलं असं:

एसएसएच गोदा टीएसपी एसएच -सी 'कॅट यादी | सॉर्ट'

इथली अवतरणं लॅपटॉपच्या शेलनेच खाल्ली. गोदावर पोचलेल्या ओळीत ती नाहीत, म्हणून तिथलं शेल पाइपवर ओळ तोडतं. टीएसपीला मिळतं 'एसएच -सी कॅट यादी'. त्यात एसएच फक्त 'कॅट' चालवतं, 'यादी' हा शब्द वाया जातो, आणि सॉर्टकडे जातो तो टीएसपीने छापलेला जॉबक्रमांक. पडद्यावर क्रमांक दिसतो, म्हणून सगळं बरोबर वाटतं, आणि सकाळी निकालाची फाइल रिकामी. 'टीएसपी' पासून पुढचं सगळं बाहेरून दुहेरी अवतरणात घातलं की भागतं. पण फाइलच्या नावात रिकामी जागा असेल, 'भाग २' सारखी, तर तेही पुरत नाही. आमच्याकडे शेवटी नियम झाला: काम कितीही छोटं असो, त्याची स्क्रिप्ट पलीकडे ठेवायची आणि रांगेत फक्त स्क्रिप्टचा पत्ता टाकायचा.

या नियमाचीही एक मेख आहे. एन्व्हायर्नमेंट टाकताना गोठते, पण स्क्रिप्टमधला मजकूर पाळी आल्यावरच वाचला जातो. रांगेत ४० जॉब आहेत आणि तुम्ही स्क्रिप्ट सुधारली, तर उरलेले सगळे नवीन स्क्रिप्टने चालतील. त्यात बॅश स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत जातं, त्यामुळे चालू असलेली फाइल जागच्या जागी बदलली तर मधूनच भलतीच ओळ चालू शकते. म्हणून टाकताना स्क्रिप्टची तारीख-वेळ घातलेली प्रत काढायची आणि तीच रांगेत द्यायची.

दुसरी फसगत एजंटची, म्हणजे एसएसएचच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची. जॉबच्या शेवटी निकाल आरसिंकने दुसऱ्या मशीनवर पाठवायचा असेल आणि त्यासाठी लॅपटॉपवरची किल्ली एजंट फॉरवर्डिंगने वापरत असाल, तर टाकल्या टाकल्या चाचणी पास होते आणि रात्री सगळं पडतं. जॉबने एजंटच्या सॉकेटचा पत्ता धरलेला असतो, पण तुम्ही लॉगआउट करताच ते सॉकेट नाहीसं होतं. परवानगी नाकारल्याचा संदेश जॉबच्या आउटपुटमध्ये जातो, तुमच्यापर्यंत येत नाही. त्या मशीनवर मोजक्या हक्कांची वेगळी किल्ली ठेवणं हाच खरा उपाय.

लॉगआउटचीच आणखी एक गोष्ट. मशीनच्या लॉगिनडी (लॉगिन सत्रं सांभाळणारी सेवा) सेटिंगमध्ये 'किलयूजरप्रोसेसेस' चालू असेल, तर सत्र संपताच आख्खी रांग मारली जाते. डेबियनवर ते मुळात बंद असतं, पण काही व्यवस्थापक मुद्दाम चालू करतात. तिथे लॉगिनसीटीएलने लिंगर (लॉगआउटनंतरही वापरकर्त्याच्या सेवा चालू ठेवणारी सोय) लावायचं आणि प्रत्येक टीएसपी आज्ञा 'सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप' मधून द्यायची. फक्त पहिली आज्ञा तशी देऊन भागत नाही. सर्व्हर वाचतो, पण जॉब त्या त्या सत्रातच जन्मलेले असतात.

आउटपुटच्या फाइली टीएमपीमध्ये पडतात. डेबियन १३ वर टीएमपी मुळातच रॅममध्ये आहे आणि १० दिवस न वापरलेल्या फाइली साफ होतात, म्हणून आउटपुट होम फोल्डरमध्ये नेणं शहाणपणाचं. त्यासाठी 'टीएमपीडीआयआर' बदलायचं. पण सॉकेटची जागाही त्याच्यावरूनच ठरते! बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) ते लावलं तर लॉगिन करून बसल्यावर एक रांग दिसते, आणि एसएसएचला थेट आज्ञा दिली की दुसरीच, कारण डेबियनची बॅशआरसी अशा वेळी पहिल्या काही ओळींतच परत फिरते. जॉब हरवले असं वाटतं. ते दोन वेगळ्या सर्व्हरकडे असतात. 'टीएस_सॉकेट' स्पष्ट दिलं की प्रश्न मिटतो.

या सगळ्यावर आमचा तोडगा म्हणजे होममधल्या बिन फोल्डरमध्ये 'रांग' नावाची पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट. पाथ, टीएमपीडीआयआर, टीएस_सॉकेट आणि ओएमपीची मर्यादा लावते, एजंटचा पत्ता पुसून टाकते, आणि शेवटी सगळे शब्द जसेच्या तसे टीएसपीला देते. चारही मशीनवर तीच, आणि बाहेरून नेहमी पूर्ण पत्त्यानेच हाक. एजंटचा पत्ता आधीच पुसल्यामुळे वर सांगितलेली फसगत रात्रीऐवजी चाचणीतच उघडी पडते.

यादी वाचायला सोपी आहे. ई-लेव्हलच्या रकान्यात शून्य म्हणजे नीट संपलं. उणे एक दिसलं तर जॉब सिग्नलने मेला. मग लहान आयचा पर्याय आणि जॉबचा क्रमांक देऊन तपशील बघायचा. सिग्नल ९ असेल आणि तुम्ही स्वतः मारलेलं नसेल, तर बहुतेक मेमरी संपली, डीमेसेजने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत खात्री होते. ६०० डीपीआयची पानं आली की हे हमखास घडायचं. अशा गठ्ठ्यांसाठी ८ ऐवजी ३ स्लॉट, किंवा जड जॉबला मोठ्या एनने जास्त स्लॉट मागून घेणं.

चालू जॉबचं आउटपुट लहान टीने, संपलेल्याचं लहान सीने. लहान यूने जॉब रांगेत पुढे येतो. एफचा पर्याय दूरवरून वापरू नये: त्यात जॉब तुमच्या टर्मिनलला बांधलेला राहतो आणि नेट गेलं की जातो. लहान डब्ल्यूने वाट बघावी, कनेक्शन तुटलं तर फक्त वाट बघणं थांबतं. लहान डीचा पर्याय नवा जॉब शेवटच्या जॉबशी जोडतो, पण 'शेवटचा' म्हणजे कुठल्याही टर्मिनलवरून शेवटी टाकलेला. ओळीने करायची कामं एकाच स्क्रिप्टमध्ये लिहिलेली बरी.

फाइलींची यादी 'व्हाइल रीड' ने वाचून दर ओळीला एसएसएच करत असाल, तर एसएसएचला लहान एन लावा. नाहीतर पहिलंच एसएसएच उरलेली यादी गिळतं आणि रांगेत एकच जॉब दिसतो. त्याहून बरं म्हणजे सगळ्या 'रांग' आज्ञा एका फाइलीत लिहून ती एकाच कनेक्शनमधून पलीकडच्या शेलला पाजणं.

टीएसपीला शेजारच्या मशीनची काहीच कल्पना नसते. गोदा रिकामी बसते आणि भीमावर ३० जॉब थांबलेले असतात. लहान गठ्ठे करून वाटणं एवढंच हातात आहे. ग्नू पॅरलल मशीनमध्ये काम वाटतं, पण त्याची रांग लॅपटॉपवर असते, लॅपटॉप मिटला की वाटप थांबलं. बरीच मशीन आणि बरेच वापरकर्ते असतील तर सरळ स्लर्म या अनेक मशीनच्या रांग-व्यवस्थेकडे जावं.

सगळ्यात मोठी उणीव रिबूट. थांबलेले जॉब प्रोसेस आहेत, म्हणून वीज गेली की रांग गेली. 'टीएस_सेव्हलिस्ट' आहे, पण सर्व्हरला मरताना लिहायला वेळ मिळाला तरच त्याचा उपयोग, आणि वाचते ती फक्त यादी. रिबूटनंतरही रांग टिकायलाच हवी असेल तर प्यू (pueue) हे साधन वापरा, ते रांग डिस्कवर ठेवतं, मात्र त्याचा डीमन (सतत चालणारी सेवा) सांभाळावा लागतो. अॅट आणि बॅच या जुन्या आज्ञाही डिस्कवरच लिहितात, पण बॅच स्लॉट मोजत नाही, मशीनचा सरासरी लोड बघतं. त्याची मूळ मर्यादा अनेक कोअरच्या मशीनसाठी फारच कमी पडते, ती अॅटडी या त्यांच्या सेवेला वेगळी सांगावी लागते.

आम्ही टीएसपीच ठेवलंय, कारण आमचे जॉब पुन्हा टाकणं स्वस्त आहे. आज्ञांची फाइल शिल्लक असते, आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तपासणी आहे: मजकुराची फाइल आधीच तयार असेल तर शून्य देऊन बाहेर पड. मजकूर आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच एमव्हीने खरं नाव द्यायचं, नाहीतर वीज गेल्यावर अर्धवट पान पूर्ण समजून सोडलं जातं.