सकाळचं फिरणं की जेवणानंतरची शतपावली?

चालणं तब्येतीला चांगलं, यावर आता खेड्यातही कोणाचं दुमत राहिलं नाही. अडतं ते वेळेपाशी. वावर, ढोरं, दुकान, शाळा हे सगळं सांभाळून दिवसात एकदाच अर्धा तास निघत असेल, तर तो पहाटे काढावा की रात्री जेवण झाल्यावर? मी दोन्ही केलं आहे आणि दोन्ही बरीच वर्षं केलं आहे. माझा कल पुढे दिसेलच. पण सकाळचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात वजन आहे.

"वावरात राबतो, तेवढं बस" असं म्हणणारे भेटतात. डवरणी-निंदणाच्या दिवसांत ते बरोबरही आहे, तेव्हा वेगळं फिरायची गरज नाही. पण वखरणी ट्रॅक्टरवर गेली, वावरापर्यंत फटफटी जाते, आणि तूर-हरभरा घरी आला की मृगापर्यंतचे दिवस पारावर बसण्यात जातात. शुगर-बीपीच्या गोळ्या आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावांतही बऱ्याच घरांच्या फळीवर दिसतात. म्हणून हा विचार.

सकाळची पहिली जमेची बाजू म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा कधी कधी ४५ च्या आसपास जातो आणि रात्री नऊ वाजताही सिमेंटच्या रस्त्यातून धग येते. त्या दोन महिन्यांत चालावंसं वाटतं ते पहाटे पाचलाच. दुसरी बाजू वेगाची. पोट हलकं असल्यामुळे पाय आपोआप झपझप पडतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सकाळी हे सहज साधतं. रात्री भरल्या पोटी पाय रेंगाळतात, तिथे वेग मुद्दाम सांभाळावा लागतो. वजन उतरवायचं असेल, दम वाढवायचा असेल, तर सकाळचं पारडं जड आहे, हे मी मान्य करतो.

आता रस्ता. पहाटे गावाबाहेर चालायला दोनच वाटा असतात, डांबरी आणि पांदण, म्हणजे वावरांकडे जाणारी मातीची वाट. डांबरीवर कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघालेल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि डिसेंबरात धुकंही असतं. वयस्कर माणसाला मी त्या रस्त्यावर अंधारात जा म्हणणार नाही. राहिली पांदण. दसऱ्यापासून मेपर्यंत पांदणीसारखी जागा नाही. दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी, मधे बंडीची चाकोरी, पायाखाली मऊ माती.

आणि मग पहिला जोराचा पाऊस पडतो.

कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला काळ्या मातीचा स्वभाव सांगायला नको, तरी सांगतो, कारण माझा निर्णय इथेच झाला. या मातीत चिकणमाती भरपूर. उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी लागलं की ती फुगते आणि धरते. पहिल्या दहा पावलांत जोड्याच्या तळाला थर बसतो. पुढच्या दहांत त्या थरावर दुसरा थर चढतो, कडेने बाहेर येतो आणि जोडा दीडपट होतो. मग माती टाच धरून ठेवते, पाय निघतो आणि जोडा मागे राहतो. थांबून बोराच्या काडीने खरवडावं, तर चार पावलांत पुन्हा तेच. धुऱ्यावरच्या गवतातून चालावं, तर अंधारात गवतात काय बसलं आहे ते दिसत नाही. घरी आल्यावर वेगळं काम. ओली माती निघता निघत नाही आणि वाळली की दगड होते. तळाच्या खाचांमधली काढायला जुना चाकू लागतो. धुतलेला जोडा पावसाळी हवेत दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळत नाही, तो ओलाच घालावा लागतो, आणि मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू होते.

एवढंही सहन केलं असतं. मला जड गेलं ते सवय तुटणं. जूनच्या शेवटी थांबलेलं फिरणं पावसाबरोबर परत सुरू होत नाही. पोळा जातो, महालक्ष्म्या जातात, सोयाबीनची सोंगणी येते, तिच्या मागे दिवाळी. पुढे रब्बीत मोटरपंपाची थ्री-फेज लाइन रात्रीची असली की हरभऱ्याला ओलीत करून माणूस पहाटे घरी येतो. त्याला पाच वाजता फिरायला उठ म्हणणं योग्य नाही. वर्षातले निम्मे दिवस जी गोष्ट जमतच नाही, ती रोजची सवय कशी होणार?

रात्रीची शतपावली या सगळ्यातून सुटते. गावठाणातल्या सिमेंट रस्त्यावर पाऊस उघडला की पंधरा मिनिटांत चालता येतं. घर ते मारुतीचं देऊळ, देऊळ ते ग्रामपंचायत, तिथून परत. झड लागली तर ओसरीत, नाहीतर गोठ्यापुढच्या टिनाखाली. जोडा कोरडा राहतो.

दुसरी गोष्ट घरातल्या बायकांची. सकाळच्या फिरण्याचा सल्ला देणारे बहुतेक पुरुष असतात. खेड्यात पहाट ही बाईची सगळ्यात गर्दीची वेळ. सडा, चूल किंवा गॅस, डबे, त्यातच नळ. माझ्या बायकोने एकदा सरळच विचारलं, "तुमी फिराले जासान, अन् नळ आला तं पाणी कोण भरन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री भांडी आवरली की ती सोबत निघते, वाटेत शेजारच्या काकू येऊन मिळतात. गावात बाईमाणसाने पहाटे एकटीने पांदणीला जाणं अजून सोपं नाही. रात्री आपल्याच गल्लीत, चार ओट्यांवर माणसं बसलेली असताना चालण्यात अडचण येत नाही. एकाच चालण्यात घरातली दोन माणसं येत असतील, तर मला ते फार मोलाचं वाटतं.

शुगरच्या बाबतीतही रात्रीचं चालणं कामाचं आहे. पोळी, वरण-भात, भाकर, काहीही खाल्लं की साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर वर जाते. नेमक्या त्या वेळी मांड्या-पोटऱ्या चालत्या असल्या, तर ते स्नायू ती साखर ओढून घेतात, आणि या कामी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. आपलं सगळ्यात जड जेवण रात्रीचं असतं आणि त्यानंतर आपण थेट खाटेवर जातो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसात कधीही एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सगळ्यात मोठा होता. ४१ माणसं म्हणजे काही फार नाहीत. पण मला स्वतःला जे जाणवलं ते याच अंगाने जातं. तिखट रस्सा खाऊन आडवं झालं की छातीत जी जळजळ व्हायची ती कमी झाली, झोप सलग लागते, आणि सकाळी अंग जड वाटत नाही. सकाळच्या फिरण्याने उत्साह यायचा, पण रात्रीच्या जेवणाचा त्रास तसाच राहायचा.

रात्रीच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. सगळ्यात मोठी सापांची. मण्यार रात्रीच फिरते, पावसाळ्यात घोणसही वस्तीत निघते. बॅटरी आणि बंद जोडा याशिवाय पाऊल टाकू नये, दिव्याचे खांब असले तरी. लाइन गेली तर अंगणातच फेऱ्या माराव्यात. कुत्र्यांसाठी हातात काठी असावी. जेवण उशिरा, दहाच्या पुढे होत असेल, तर रात्रीचं गणित जमत नाही. आधी जेवणाची वेळ आठवर आणावी लागते, आणि खरं सांगायचं तर चालण्यापेक्षा तेच अवघड आहे. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा त्रास असेल, तर कोणतीही वेळ ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळी घेऊन उपाशीपोटी लांब चालल्याने काहींची साखर एकदम खाली येते, आणि भरल्या पोटी झपझप चालणं हृदयाच्या रुग्णाला सोसतंच असं नाही. शुगरवाल्याने सकाळी असो की रात्री, अनवाणी चालू नये.

सेवाग्रामला गांधीजी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा फिरायचे. ज्याला ते जमतं त्याने तसंच करावं. ज्याचं गाव डांबरीपासून आत आहे, ज्याच्याकडे शाळेची किंवा देवळाची मोठी पक्की फरशी आहे, ज्याला पहाटे जाग येतेच आणि वजन उतरवायचं आहे, त्याने सकाळ धरावी. उन्हाळ्याचे दोन महिने तर मीही कधी कधी पहाटे निघतो. पण एकच वेळ निवडायची, रोज निभवायची आणि खर्च एका बॅटरीपलीकडे नको असेल, तर मी रात्रीचंच सांगेन.

सुरुवात शक्यतो पावसाळ्यातच करा. जेवण झालं की हात धुऊन दहा मिनिटं थांबायचं, बॅटरी घ्यायची आणि पहिला आठवडा फक्त मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. दुसऱ्या आठवड्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत. एवढ्यात पंधरा-वीस मिनिटं होतात. घरातल्या बाईला सोबत घ्यायचं असेल, तर भांडी दोघांनी मिळून आवरा, म्हणजे दोघंही एकाच वेळी मोकळे होतात.