नेस की इटी?

इंग्रजीत विशेषणाचं भाववाचक नाम करायला 'नेस' आणि 'इटी' असे दोन प्रत्यय हाताशी असतात. नेस घरचा, जुन्या इंग्रजीतला. इटी मूळचा लॅटिन. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंचच्या बोटाला धरून आला.

नेसचं कुणाशीही जमतं. काइंडनेस, युजफुलनेस, मूळ शब्दाला धक्का लागत नाही. इटीचे नखरे फार. त्याला बहुतेक लॅटिन घराण्यातलेच शब्द चालतात, वर उच्चारही हलवतो: 'क्युरिअस'चा जोर सुरुवातीला, 'क्युरिऑसिटी'चा थेट 'ऑ'वर. 'क्युरिअसनेस' शब्दकोशात आहे, पण कानाला खटकतो.

खरी गंमत दोन्ही लागतात तिथे. 'ऑडनेस' म्हणजे विचित्रपणा. 'ऑडिटी' म्हणजे बरेचदा तो विचित्र माणूस किंवा वस्तूच. (आणि 'ऑड' लॅटिन नाहीच, उत्तरेकडच्या नॉर्सचा, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेचा. नियम गेला उडत!)

आपल्याकडे 'पणा' आणि 'ता' यांचं असंच आहे. आगाऊपणा, साधेपणा, अगदी स्मार्टपणाही चालतो. 'आगाऊता' कोण म्हणेल? 'ता'ला सरल, मधुर असे संस्कृत शब्द लागतात. हा 'ता' आणि लॅटिनचा 'टास', ज्यातून इटी निघाला, ते दूरचे भाऊबंदच.

लिहिताना अडलं तर मी बिनधास्त नेस लावतो. फार तर वाक्य जरा ओबडधोबड होतं.