एफआरआर: डेबियनवर झकास, फ्रीबीएसडीवर जपून

इचलकरंजीत आमचं छोटं इंटरनेटचं काम आहे. एक राउटर डेबियनवर (ही लिनक्सची एक आवृत्ती), दुसरा फ्रीबीएसडीवर (युनिक्स घराण्यातली वेगळी प्रणाली), दोन्हींवर एफआरआर, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर. २०१७ साली क्वागा या जुन्या राउटिंग सॉफ्टवेअरातून वेगळं झालेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर रोजच्या कामात कधी कुरकुरत नाही. त्याची खरी पारख होते ते अचानक मेल्यावर.

नीट बंद केलं तर त्याचा झीब्रा नावाचा भाग जाताना आपले राउट (वाटा) कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, काढून नेतो. ‘किल -९’ मारलं, म्हणजे जबरदस्तीने जागच्या जागी बंद केलं, की तेवढी सवड मिळत नाही. शिळे राउट तसेच पडून राहतात आणि कर्नल इमानेइतबारे त्यांच्यावरच पॅकेट ढकलत बसतो. पुन्हा चालू झाल्यावर झीब्रा आपले जुने राउट ओळखून झाडून टाकतो. बीजीपी (दुसऱ्या नेटवर्कांशी राउटची देवाणघेवाण) उभं राहीपर्यंत ते ठेवायचे असतील तर झीब्राला कॅपिटल ‘के’ पर्यायात सेकंद द्यायचे. आम्ही १२० दिलेत, तेवढ्यात आमचं भागतं.

पण आपले ओळखायचे कसे? लिनक्समध्ये भांड्यावर नाव घातलेलं असतं. ‘आयपी राउट’ ही आज्ञा मारा, ओळीत ‘प्रोटो बीजीपी’ दिसतं, आतला आकडा १८६. बर्ड या एफआरआरसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा १२. घोळ व्हायचं कारणच नाही. फ्रीबीएसडीत नुसती खूण: ‘नेटस्टॅट -आरएन’मध्ये ‘यूजी१’. तो १ एफआरआरही लावतो आणि बर्डही.

हे मला माहीत असायला हवं होतं. एका रात्री ‘बर्ड बघू तरी’ म्हणून फ्रीबीएसडीवर एफआरआर चालू असतानाच तो सुरू केला, नुसता कर्नल प्रोटोकॉल (कर्नलमधले राउट आपल्या टेबलाशी जुळवणारा भाग) लावून. त्याने १ वाले राउट पाहिले, आपल्या टेबलात नाहीत, म्हणजे आपलेच शिळे, असं धरलं आणि पुसून मोकळा झाला. एफआरआरचं ‘शो आयपी बीजीपी’ मात्र (ते स्वतःचं टेबल दाखवतं, कर्नलचं नाही) सगळं आलबेल दाखवत होतं, म्हणून अर्धा तास मी अपलिंकवाल्याशी, म्हणजे आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्याशी, भांडत होतो. चूक शंभर टक्के माझी. नंतर त्याला फोन करून सॉरी म्हटलं.

डेबियनवर ५ पैकी साडेचार. फ्रीबीएसडीवर साडेतीन, आणि कापलेला गुण एफआरआरचा नाही, त्या १ चा आहे. त्या मशीनवर आता पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलंय: ‘इथे एकच डीमन (मागे चालत राहणारं असलं सॉफ्टवेअर).’