नातीसाठी दाराला लावलेली घंटा आणि बोल्ट : दहा महिन्यांनंतर

फेब्रुवारीतली गोष्ट. मुलगा-सून सकाळच्या लोकलला गेलेले, मी अंघोळीला, ही स्वयंपाकघरात कुकरपाशी. अडीच वर्षांची नात समोर खेळत होती. मी पंचा गुंडाळून बाहेर आलो तर जाळीचं दार उघडं आणि पोर गायब. वॉचमन म्हणाला, खाली आलीच नाही. दोन माणसं जिने धुंडाळत सुटली तेव्हा कुठे सहाव्या मजल्यावर सापडली. कुणाच्या तरी रॅकमधल्या चपला काढून ओळीने मांडत बसली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. सहाव्याच्या वर गच्ची, आणि त्या दिवशी टाकी साफ करायला माणसं आल्यामुळे गच्चीचं दार उघडं होतं. तेव्हापासून मला झोप नीट लागेना.

त्याच संध्याकाळी दाराची घंटा मागवली. दोन नगांचे 450 रुपये. एका डबीत स्विच आणि भोंगा, दुसऱ्या तुकड्यात चुंबक. एक चौकटीला, एक दाराला. दार उघडलं की चुंबक लांब जातं, स्विच सुटतो आणि भोंगा वाजतो. खोक्यावर 90 डेसिबल लिहिलंय. खरं-खोटं बनवणारे जाणोत, पण बाथरूममध्ये नळ चालू असताना मला ऐकू येतं, एवढं पुरे.

पहिली चूक मीच केली. आपल्याकडे वाऱ्यासाठी लाकडी दार दिवसभर उघडं आणि बाहेरचं लोखंडी जाळीचं दार तेवढं बंद, म्हणजे घंटा जाळीलाच हवी. पण चुंबक थेट लोखंडावर चिकटवलं की त्याचा जोर लोखंडच खाऊन टाकतं. वाऱ्याने दार जरा हललं की भोंगा सुरू. दुपारी दोन वाजता तीनदा. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, काय जळलं का? शेवटी चुंबकाखाली बोटभर जाडीचा लाकडी तुकडा ठेवला आणि दोन्ही भाग एक सेंटीमीटरच्या आत आणले, तेव्हा कुठे शांतता झाली.

पावसाळ्यात जुलैमध्ये चिकटपट्टीने दगा दिला. ऑइलपेंट आणि दमट हवा, दोन्ही मिळून एका रात्रीत डबी खाली. आता बारीक स्क्रूवर आहे.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात 34 वर्षं काढली. खांबावर हलता हात असलेल्या जुन्या सिग्नलची तार तुटली की हात वजनाने आपोआप धोक्यावर, म्हणजे ‘थांबा’वर, यायचा. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, हा तिथला पहिला धडा. ही घंटा बरोबर उलटी आहे. सेल संपला की गप्प बसते, आणि ती गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असं आपण समजतो. ऑगस्टमध्ये किती दिवस मेलेली होती कोण जाणे. आता पेन्शनच्या दिवशी सेल बदलतो आणि रोज सकाळी दूध घेताना ती वाजते की नाही ते कान देऊन ऐकतो.

सेलवरून आठवलं. पहिल्या घंटेत बटन सेल होते आणि मागचं झाकण नखाने उघडायचं. पोरांच्या घरात हे चालणार नाही. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. ते नग काढून टाकले. आता घेतलेल्या घंटेत पेन्सिल सेल आहेत आणि झाकणाला स्क्रू आहे. दुकानात आधी झाकण उलटं करून बघा, किंमत नंतर.

पण खरं सांगू? घंटा फक्त सांगते. दार धरून ठेवतो तो 120 रुपयांचा बोल्ट. तो कुठे लावायचा यावर घरात तह करावा लागला. हिचा उजवा खांदा आखडलेला, त्यामुळे फार उंच चालेना. मग हिने डावा हात सहज जाईल तितका वर नेला, तिथे पेन्सिलीची खूण केली. नातीला मोढ्यावर उभं करून हात वर करायला लावला, दुसरी खूण. मधे अंतर उरलं चार बोटं. वरच्या खुणेवर सुताराने बोल्ट ठोकला. आतून कुलूप लावा असं सूनबाईच्या ऑफिसात कुणी सुचवलं होतं, ते मी साफ नाकारलं. रात्री धूर झाला तर किल्ली कोण शोधणार? उलट एक जादा किल्ली काकूंकडे ठेवलीय, कारण ही कचरा ठेवायला बाहेर गेली की लॅच मागे आपोआप लागतो आणि पोर आत.

चाळीत असताना आमच्या आईने उंबऱ्यात आडवी फळी अडकवली होती आणि धाकट्याच्या पायात वाळे. छुमछुम थांबली की ती पोळी तव्यावर टाकून धावायची. आवाज बंद झाला म्हणजे धोका. सिग्नल खात्यात न जाताही तिला हे कळत होतं.

दिवाळीत मात्र आम्ही हरलो. फराळाची ताटं घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घंटेने दिवसातून वीस-पंचवीसदा कान किटवले, मुलाने ती बंद केली, बोल्टही कुणी लावेना. नात काकूंच्या घरी चकली खाताना सापडली. तेव्हापासून नियम केलाय, घंटा कुणी बंद करायची नाही. पाहुणे असतील तर भोंग्याऐवजी टिंग-टाँगवर टाकायची आणि बोल्ट शेवटच्या माणसाने लावायचा. फ्रीजवर 112 (तातडीची मदत) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलेत.

काल दुपारी मोढा ओढल्याचा आवाज आला म्हणून बघितलं. बाईसाहेब वर चढून घंटेच्या स्विचला बोट लावत होत्या. दहा महिन्यांत उंची वाढलीय. बोल्टला अजून दोन बोटं कमी पडतात. घंटा मात्र या रविवारी वर सरकवायची आहे, ड्रिल काकूंच्या मुलाकडून आणतो.