१,१४० तासांचं इंजिन ‘कामाला आलंय’ मिस्त्री म्हणाला आणि मी मान डोलावली

आधी आकडा सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. २,७३,८५० रुपये. ज्या इंजिनाला पाना लावायचीही गरज नव्हती, ते उघडून पुन्हा मिटायला मी एवढे मोजले.

हर्णैला आमचा ट्रॉलर आहे. सहा सिलिंडरचं टर्बोवालं इंजिन, २०२१ मध्ये बसवलेलं. बाबा आजारी पडले आणि बोट दीड हंगाम उभीच राहिली, म्हणून अवरमीटरवर जेमतेम १,१४० तास. निगा नीट असेल तर असली इंजिनं आठ-दहा हजार तास काढतात, हे मला ठाऊक होतं. पण उभ्या इंजिनाची भीती खोटी नसते. एक्झॉस्टचा बेंड सडला की खारं पाणी मागे सिलिंडरात उतरतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटतात. मिस्त्रीने हीच भीती धरली.

फेब्रुवारीपासून काळा धूर होता. लोड घेतला की इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांऐवजी १,५५० वर अडायचं. मे संपत आला होता, १ जूनची मासेमारी बंदी तोंडावर. मिस्त्रीने तेलाचं झाकण काढलं, वाफ आली. “बघा शेठ, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, सिलिंडरातला दाब खाली निसटतोय. इंजिन कामाला आलंय, खोलून दुरुस्त करायला हवं. आता नाही केलं तर ऑगस्टात भर समुद्रात बसेल.”

अहो, गरम इंजिनातून थोडी वाफ येणारच! झाकण उलटं करून भोकावर ठेवायचं आणि उडतंय का बघायचं, एवढं तर पोरंही करतात. कॉम्प्रेशन गेज आहे का विचारलं, तर म्हणाला, “माझा कान हेच गेज.” मी हसलो. तेव्हा हसलो, ते आजही आठवतं.

आमची बोट चालवणारे तांडेल तात्या बाजूलाच होते. म्हणाले, “अरे, धूर प्रोपेलरचा पंखा बदलल्यापासून आहे. आधी पंखा बघ.” पातं मोडलं म्हणून फेब्रुवारीत मीच १८,००० ला जुना पंखा आणला होता. व्यास मोजला, पिच, म्हणजे एका फेरीत पंखा बोट किती पुढे ढकलतो, तो मोजला नाही. तात्यांचं ऐकलं असतं तर चूक माझी ठरली असती. मिस्त्रीचं ऐकलं तर दोष इंजिनाचा. आता कळतंय मी कुणाचं का ऐकलं. पण बँकेचा हप्ता, बाबा अंथरुणावर, हातात दोनच महिने. माझ्या जागी तुम्ही असता तर?

सगळ्यात जास्त जळतं ते एका फोटोमुळे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं तेव्हा बाबांना दाखवायला मी सिलिंडरचा फोटो काढला. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, होनिंगच्या (नवी असताना मुद्दाम घासून पाडलेल्या) तिरप्या रेषा लख्ख दिसतायत. लायनर घासला असता तर त्या राहिल्याच नसत्या. पुरावा खिशात होता आणि मी दीड लाख ॲडव्हान्स दिला.

बिल साध्या कागदावर. लायनर-पिस्टन-रिंग ८७,०००, बेअरिंग २२,४००, क्रँक ग्राइंडिंग १८,०००, हेड ३१,०००, पंप-नोझल २८,६००, गॅस्केट १२,५००, तेल-फिल्टर ९,३५०, मजुरी ६५,०००. जुने भाग मागितले तर “भंगारात गेले.” जुने भाग हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

ऑगस्टात बोट काढली. तोच धूर, तेच १,५५०. दुसऱ्या मिस्त्रीने संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, खोलून एक बेअरिंग काढलं, मागे शिक्का ‘एसटीडी’, म्हणजे स्टँडर्ड मापाचं. क्रँक ग्राइंड केला की दांडा बारीक होतो, मग बेअरिंग अंडरसाइजच लागतं. म्हणजे १८,००० सरळ हवेत. लायनरही जुनेच, इंजिनाचा रंग तेवढा नवा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. “हा दिवाणी मामला.” पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८, ते माझ्या तोंडून ऐकल्यावर साहेब म्हणाले, “वकील आहात का?” मत्स्यव्यवसायवाले म्हणे आमच्याकडे परवाना आणि डिझेल परतावा, इंजिन नाही. मग बंदरात माझी बाजू घ्यायची कुणी, माशांनी? ग्राहक आयोगातल्या बाबूने कागद न वाचताच “बोट म्हणजे व्यावसायिक वापर” म्हणून परत पाठवलं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय. आता वकिलामार्फत त्यावरच भांडतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक आधी घ्या, बाबू जरा सरळ बोलतो. आणि बिल पक्कं घ्या. माझ्या कागदावर सहीसुद्धा नाही, वकील तेवढ्यावरूनच सुस्कारा टाकतो.

काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी किंवा ओझं जास्त. एअर फिल्टर, टर्बो, तळाची कालवं, पंखा, हे सगळं बघून झाल्यावर हेडकडे वळा. रिंगा गेल्या की धूर निळा असतो आणि तेल पितं. माझं इंजिन थेंबभरही तेल पीत नव्हतं.

पंख्याचा पिच दोन इंच जास्त निघाला. वाकवून घ्यायला ४,२०० रुपये लागले. इंजिन आता १,७९० ला जातं, धूर नाही. बाबा रोज विचारतात, काम झक्कास झालं ना? त्यांना मी खर्च नव्वद हजार सांगितलाय.