पीएनगेज एफ की पीएनगेज ए?

प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या कापणारी ही दोन एन्झाइमं. कीटकपेशींत बनवलेल्या प्रथिनावरच्या एन-साखळ्या (अॅस्पॅराजिन या अमिनो आम्लाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या) काढायच्या, तर आधी पेशी कोणत्या ते पाहा. एसएफ९ (कीटकपेशींचा एक प्रकार) असतील तर एफ बहुधा पुरतं. ०.५% एसडीएस (प्रथिन उलगडणारा डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटीत (प्रथिनातले सल्फर-बंध तोडणारं रसायन) १०० अंशांवर १० मिनिटं तापवा, मग १% एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घाला, पीएच ७.५, ३७ अंशांवर तासभर. एनपी-४० घालायचं राहून गेलं तर एसडीएस एन्झाइमलाच निकामी करतं. मग प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर प्रथिनाचा पट्टा खाली सरकत नाही आणि दोष उगाच साखळीवर जातो.

हाय फाइव्ह या दुसऱ्या प्रकारच्या कीटकपेशींची गत वेगळी. त्या अॅस्पॅराजिनला लागून असलेल्या पहिल्याच साखरेवर, एन-अॅसिटाइलग्लुकोजअमाइनवर, अल्फा-१,३ बंधाने फ्यूकोज ही आणखी एक साखर जोडतात. तिथे एफ अडतं, रात्रभर ठेवलं तरी. (अल्फा-१,६ फ्यूकोजचं त्याला वावडं नाही.) मूळचं बदामातलं ए हा अडथळा जुमानत नाही, पण अख्ख्या प्रथिनावर ते फारसं चालत नाही. आधी ट्रिप्सिनने (प्रथिन कापणारं एन्झाइम) तुकडे करा, तापवून ट्रिप्सिन बंद पाडा, मग पीएच ५ ते ६ला ए घाला. म्हणजे जेलसाठी ते बिनकामाचं, मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंचं वस्तुमान मोजण्याचं तंत्र) मात्र तेच हवं.

एंडो एच या तिसऱ्या साखळी-कापू एन्झाइमचा मोह टाळा: तीन मॅनोज साखरेच्या आखूड साखळ्या ते कापत नाही.