बीबीवायओ, यूएसवाय की एनसीएसवाय? नववीतल्या मुलांच्या बेने इस्रायली आईबापांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या, म्हणजे मूळच्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या, घरांत मूल नववीला गेलं की ज्यू किशोरांच्या गटांची ही तीन नावं कानावर पडू लागतात. कोणता गट चांगला, हे विचारण्याआधी शुक्रवारी दिवेलागणीला, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) सुरू होताना, आपल्या घरात काय होतं ते पाहा. उत्तराचा अर्धा भाग तिथेच मिळतो.

बीबीवायओ सगळ्यात जुना. 1924 साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरात मुलग्यांची संघटना म्हणून सुरू झाला, मुलींची शाखा 1944ची. तो कुठल्याच पंथाचा नाही. रिफॉर्म (उदार), कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेची), ऑर्थोडॉक्स (परंपरा काटेकोर पाळणारी), काहीच न पाळणारी, अशी सगळी मुलं तिथे येतात. शाखा मुलंच चालवतात: निवडणूक, हिशेब, कार्यक्रम सगळं त्यांचं, मोठी माणसं सल्ल्यापुरती. शाळेत आपलं मूल एकटंच ज्यू असेल, तर मैत्रीसाठी ही जागा उत्तम. धर्माचं शिक्षण मात्र पातळ. शब्बाथची प्रार्थना होते, पण अर्थ कुणी खोदून सांगेलच असं नाही.

यूएसवाय 1951पासून कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीचा, म्हणजे सहसा एखाद्या सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनास्थळाला) जोडलेला. मुली तोरा (ज्यू धर्मग्रंथ) वाचतात, प्रार्थना पुढे उभं राहून चालवतात. ठाण्या-मुंबईच्या सिनेगॉगमध्ये बायकांची बैठक वेगळी पाहत वाढलेल्या आजीला हे खटकेल. नातीला बहुधा आवडेल. जवळच्या सिनेगॉगची शाखा जिवंत असेल तरच याचा विचार करा. चार मुलांच्या शाखेत नाव घालून उपयोग नाही.

खरा विचार एनसीएसवायबद्दल करावा लागतो. 1954 साली ऑर्थोडॉक्स युनियन या ऑर्थोडॉक्स ज्यूंच्या संघटनेने काढलेला हा गट, पण त्यात येणारी बरीच मुलं सरकारी शाळांतली, घरी फारसं न पाळणारी असतात. शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत जेएसयू (ज्युइश स्टुडंट युनियन) नावाचे क्लब भरतात, पिझ्झा असतो, गप्पा असतात. तिथून पोरं शब्बाटोनला जातात: शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, फोन बंद, गाणी, पहाटेपर्यंत चर्चा. शेवटी हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारा विधी: वेणीची मेणबत्ती, मसाल्यांचा वास, खांद्यावर हात टाकून म्हटलेली गाणी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हे भिडतं, आणि मग ते घरी येऊन विचारतं, आपल्याकडे दूध आणि मटण यांची भांडी वेगळी का नाहीत? शनिवारी गाडी का काढता? धर्माच्या नियमांबद्दलच्या या प्रश्नांना बसून उत्तर द्यायची तयारी असेल तर जरूर पाठवा. नसेल तर घरात कुरबुरी होणार. आपली प्रार्थना पारंपरिक वळणाची असल्याने मुलाला तिथली उपासना बीबीवायओपेक्षा ओळखीची वाटेल, हेही खरं.

एक गोष्ट आईबापांना माहीत असायला हवी. एनसीएसवायमधल्या एका वरिष्ठ रब्बीने (ज्यू धर्मगुरूने) वर्षानुवर्षं मुलांचं शोषण केल्याचं 2000 साली उघडकीला आलं, चौकशी झाली. म्हणून कुठल्याही गटात पैसे भरण्याआधी मुक्कामी कार्यक्रमांचे सुरक्षेचे नियम लेखी मागा. कुणी ते द्यायला कुरकुर केली, तर तिथून परत फिरा.

आणि तिन्ही गटांची एक समान उणीव: इथला ज्यू वारसा म्हणजे मुख्यतः पूर्व युरोपचा. बिरड्याचा सण (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन), एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने केलेला मलिदा, कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पूर्वजांची गोष्ट, यातलं काही तिथे मिळणार नाही. उलट, तू खरंच ज्यू आहेस का, हा प्रश्न सावळ्या मुलाला कधीतरी ऐकावा लागेल. 1964 साली इस्रायलने बेने इस्रायलांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली, त्याआधी त्यासाठी लढावं लागलं, हे मुलाला आधीच घरी सांगा. ऐनवेळी तोंडात उत्तर असायला हवं.

माझा कल असा: मुलाला मित्र हवे असतील तर बीबीवायओ, त्याला स्वतःलाच शिकायची भूक असेल तर एनसीएसवाय, आणि जवळच्या सिनेगॉगची मंडळी आपली वाटत असतील तर यूएसवाय. नववीला बीबीवायओपासून सुरुवात करून अकरावीला बदलायलाही कुणाची हरकत नसते. वार्षिक वर्गणीपेक्षा संमेलनांचा खर्च जड पडतो. शिष्यवृत्त्या असतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. संकोच न करता विचारा.